पन्नास ऑर्डरींच्या पानाला दोनशे क्वेऱ्या: रिलेशन कधी, किती आणि कशी लोड करायची

प्रश्न थोडक्यात असा. देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या काही बागायतदारांनी मिळून हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी तुम्ही लारावेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) ऑर्डरींचं अ‍ॅप लिहिलंत. यादीच्या एका पानावर पन्नास ऑर्डरी आहेत. प्रत्येक ऑर्डरीसमोर बागायतदाराचं नाव, त्याचं गाव, पेट्या किती आणि माल आत्ता कुठे आहे, हे दिसतं. लॅपटॉपवर पान चटकन उघडतं, सर्व्हरवर वीस सेकंदांच्याही पुढे जातं. अ‍ॅप मुंबईला आहे, मायएसक्यूएल डेटाबेस सिंगापूरला, कारण तिथली योजना स्वस्त पडली. कुणी सुचवलं म्हणून तुम्ही सगळ्या रिलेशनना, म्हणजे ऑर्डरीशी जोडलेल्या बागायतदार, गाव, पेट्या अशा माहितीला, ‘विथ’ लावलंत, म्हणजे ती आधीच एकत्र आणायला सांगितलीत. त्याच सुमारास बागायतदाराच्या नावाखाली ‘या हंगामातल्या एकूण पेट्या’ असा एक आकडाही वाढला. आता पान पूर्वीपेक्षा लवकर येतं, पण मधूनच मेमरी संपल्याची एरर देऊन कोरं राहतं. पाडवा तोंडावर आला आहे, अक्षय्य तृतीयेपर्यंत ऑर्डरी वाढतच जाणार, म्हणून घाई आहे.

तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि पहिलीचं औषध देताना दुसरी तयार झाली. पहिली डेटाबेसकडच्या फेऱ्यांची, दुसरी मेमरीतल्या ओझ्याची. दाभोळहून धोपाव्याला माल न्यायचा तर एकेक पेटी काखोटीला मारून फेरीबोटीच्या दोनशे खेपा करणं जितकं वेडेपणाचं, तितकंच ‘पुन्हा खेप नको’ म्हणून अख्खं गोदाम बोटीवर चढवणं. ‘विथ’ लावलं की खेपा कमी होतात. बोटीवर काय चढवायचं ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं, फ्रेमवर्क ते ठरवत नाही.

आधी खेपा मोजू. यादीचं पान ‘पॅजिनेट’ने येतं, म्हणजे एकूण ऑर्डरी मोजणारी एक क्वेरी आणि पन्नास ऑर्डरी आणणारी एक. मग ब्लेडमधला, म्हणजे लारावेलच्या टेम्प्लेटमधला, लूप सुरू होतो. ऑर्डरीवरून बागायतदार मागितला की एक क्वेरी, बागायतदारावरून गाव मागितलं की आणखी एक, पेट्यांची तिसरी, मालाच्या शेवटच्या नोंदीची चौथी. पन्नास ऑर्डरींच्या दोनशे, वरच्या दोन मिळून दोनशे दोन. लॉग उघडलात तर असा दिसेल:

सिलेक्ट * फ्रॉम ऑर्डर्स ऑर्डर बाय आयडी डेस्क लिमिट 50
सिलेक्ट * फ्रॉम बागायतदार व्हेअर आयडी = 17 लिमिट 1
सिलेक्ट * फ्रॉम गावे व्हेअर आयडी = 4 लिमिट 1
सिलेक्ट * फ्रॉम पेट्या व्हेअर ऑर्डर_आयडी = 9120

आणि पुढे हेच, आकडे बदलून. सतरा नंबरचा बागायतदार त्या पानावर सहा वेळा आला तर एलोक्वंट (लारावेलचा डेटाबेसशी बोलणारा भाग) त्याला सहा वेळा आणेल. पीएचपीचं डॉक्ट्रिन किंवा जावाचं हायबरनेट या अशाच साधनांमध्ये एकदा आणलेली वस्तू आयडीवरून लक्षात ठेवली जाते. रूबीच्या रेल्समध्ये एका रिक्वेस्टपुरती क्वेरी कॅश असते, त्यामुळे शब्दशः तीच क्वेरी पुन्हा डेटाबेसपर्यंत जात नाही. एलोक्वंटमध्ये यातलं काहीच आपोआप होत नाही.

आता लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यातला फरक. यातली प्रत्येक क्वेरी डेटाबेसच्या दृष्टीने किरकोळ आहे, प्रायमरी की वरून एक ओळ काढायची, मिलिसेकंदाचंही काम नाही. लॅपटॉपवर अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच मशीनमध्ये असतात, म्हणून दोनशे क्वेऱ्या झाल्या तरी कुणाला कळत नाही. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान 39 मिलिसेकंद. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. शिवाय लारावेल पीडीओला (पीएचपीचा डेटाबेसशी जोडणारा दुवा) खरी प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरायला सांगतं, म्हणजे मायएसक्यूएलकडे आधी ‘प्रिपेअर’ जातं, उत्तर येतं, मग ‘एक्झिक्यूट’ जातं. एका क्वेरीला दोन खेपा. 202 गुणिले 2 गुणिले 39 मिलिसेकंद म्हणजे 15 सेकंदांच्या वर, आणि हे अगदी आदर्श परिस्थितीत. तुमचे वीस-बावीस सेकंद कुठे जातात ते इथे दिसतं. सीपीयू वाढवून किंवा सर्व्हरची मोठी योजना घेऊन यातलं काहीही कमी होणार नाही.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी डेटाबेस मुंबईला, अ‍ॅपच्या शेजारी आणा. योजनेत वाचलेले पैसे बागायतदार आपल्या वेळाने भरतायत. पीएचपी-एफपीएममध्ये साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडतं, आणि पहिली क्वेरी जायच्या आधीच टीसीपी, टीएलएस आणि लॉगिन यांच्या काही खेपा होऊन जातात. पाच क्वेऱ्यांचं नेटकं पानसुद्धा सिंगापूरवरून अर्ध्या सेकंदाच्या आसपास राहील. शेजारच्या मशीनवरून तेच काही मिलिसेकंदांत होईल. डेटाबेस शेजारी आणला की दोनशे क्वेऱ्यांचं पानही सुसह्य होतं, आणि तिथेच बरेच जण थांबतात. थांबू नका. हंगामात पन्नास जण एकदम यादी उघडतात तेव्हा त्याच दहा हजार क्वेऱ्या होतात आणि मग डेटाबेसचा सीपीयू खरोखरच भरतो.

आता खेपा कमी करणं. ऑर्डरींवर ‘विथ’मध्ये ‘बागायतदार.गाव’ लिहिलंत की लारावेल ऑर्डरी आणतं, त्यातले बागायतदारांचे आयडी गोळा करतं, ‘व्हेअर आयडी इन (4, 9, 17…)’ अशी एकच क्वेरी करतं, मग गावांसाठी तसंच, आणि जोडणी पीएचपीत करतं. एलोक्वंटचं ‘विथ’ कधीही जॉइन करत नाही, म्हणजे दोन टेबलं डेटाबेसमध्येच एका क्वेरीत जोडत नाही. पायथनच्या जँगोत दोन वेगळी हत्यारं आहेत. ‘सिलेक्ट_रिलेटेड’ जॉइन करतं आणि ते एकेरी बाजूला, म्हणजे ऑर्डरीचा बागायतदार, बागायतदाराचं गाव अशा ठिकाणी चालतं. ‘प्रीफेच_रिलेटेड’ वेगळी क्वेरी करून पायथनमध्ये जोडतं आणि ते अनेकांच्या बाजूला, म्हणजे ऑर्डरीच्या पेट्यांसारख्या ठिकाणी लागतं. रेल्समध्ये ‘प्रीलोड’ वेगळ्या क्वेऱ्या करतं, ‘ईगर_लोड’ लेफ्ट जॉइन करतं, आणि ‘इन्क्लूड्स’ परिस्थिती बघून दोन्हींपैकी एक निवडतं. मला ‘इन्क्लूड्स’ची ही निवड आवडत नाही. कुणी उद्या एक अट वाढवली की वेगळ्या क्वेऱ्यांचा मुकाट्याने जॉइन होतो आणि कोडमध्ये ते दिसत नाही. काय हवं ते नाव घेऊन लिहावं.

जॉइन वाईट आहे असं नाही. एकेरी बाजूला तो सर्वांत स्वस्त, एकाच खेपेत काम. पण दोन ‘अनेक’ रिलेशन एकाच जॉइनमध्ये घातलीत की गुणाकार होतो. एका ऑर्डरीत 8 पेट्या आणि मालाच्या प्रवासाच्या 12 नोंदी असतील तर जॉइनमध्ये तिच्या 96 ओळी येतील. पन्नास ऑर्डरींच्या 4,800, आणि प्रत्येक ओळीत ऑर्डरीचा पत्ता, फोन, शेरा पुन्हा पुन्हा. वेगळ्या क्वेऱ्यांत हेच 50 अधिक 400 अधिक 600, म्हणजे 1,050 ओळींत होतं. डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरने 2020 मध्ये पाचव्या आवृत्तीत ‘अ‍ॅजस्प्लिटक्वेरी’ आणलं ते याच गुणाकारापायी. दुसरा घोटाळा ‘लिमिट’चा. जॉइन केलेल्या निकालावर ‘लिमिट 50’ लावलं तर पन्नास ओळी मिळतात, पन्नास ऑर्डरी नव्हेत. रेल्स आधी वेगळ्याने पन्नास आयडी काढून हे सांभाळतं. हायबरनेट अशा वेळी सगळ्या ओळी मेमरीत ओढून तिथे पान पाडतं आणि लॉगमध्ये एक इशारा टाकून मोकळं होतं. तो इशारा दिसला तर दुर्लक्ष करू नका.

तुम्ही ‘विथ’ लावूनही काही क्वेऱ्या लूपमध्ये राहिल्या असतील अशी माझी खात्री आहे, कारण त्या लपायच्या जागा ठरलेल्या असतात. सर्वांत नेहमीची जागा म्हणजे कंस. ऑर्डरीवर ‘पेट्या’ असं प्रॉपर्टीसारखं लिहिलं तर लोड झालेला संच मिळतो. ‘पेट्या()’ असं कंस लावून लिहिलं तर क्वेरी बिल्डर मिळतो आणि त्यावर ‘काउंट’ केलं की नवी क्वेरी डेटाबेसकडे जाते, ‘विथ’ लावलेलं असो की नसो. लोड केलेल्या पेट्यांतून फक्त पाच डझनी निवडायच्या असतील तर कंसाशिवाय, संचावर ‘व्हेअर’ करा. जँगोत याचंच भावंड आहे. प्रीफेच केल्यावर लूपमध्ये ‘ऑल’ म्हटलं तर आणलेलंच मिळतं, ‘फिल्टर’ किंवा ‘ऑर्डर_बाय’ म्हटलं की प्रीफेच वाया गेलं आणि नवी क्वेरी झाली. तिथे गाळणी आधीच ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टमध्ये द्यायची आणि ‘टू_अ‍ॅटर’ने तिला वेगळं नाव द्यायचं. रेल्समध्ये ‘काउंट’ नेहमी डेटाबेसला विचारतो, ‘साइझ’ लोड झालेलं असेल तर तेच मोजतो.

दुसरी जागा अ‍ॅक्सेसर. ऑर्डर मॉडेलमध्ये (टेबलातल्या ओळीची पीएचपीतली वस्तू) ‘पूर्ण_पत्ता’ नावाचा, रकान्यासारखा वाचता येणारा पण आतून कोड चालवणारा अ‍ॅक्सेसर असतो, तो आतून गिऱ्हाइकाला आणि त्याच्या शहराला हात घालतो, आणि कुणीतरी तो ‘अपेंड्स’मध्ये टाकून ठेवलेला असतो. मग मोबाइल अ‍ॅपसाठी जेसन बनताना, पानावर पत्ता दिसत नसला तरी, प्रत्येक ऑर्डरीमागे दोन क्वेऱ्या होतात. एपीआय रिसोर्समध्ये ‘व्हेनलोडेड’ वापरलंत तर रिलेशन आधी आणलेलं असेल तरच बाहेर पडतं. तिसरी जागा परवानगी. यादीतल्या प्रत्येक ओळीला ‘बदला’चं बटण दाखवायचं की नाही हे ‘कॅन’ने तपासताना पॉलिसी बागायतदाराच्या गटाच्या सभासदांपर्यंत जाते. हे टेम्प्लेट वाचून कळत नाही, लॉगमध्येच दिसतं. चौथी, मुलाकडून परत आईबापाकडे जाणं: पेट्या लोड केल्या, आणि पेटीच्या लेबलसाठी लूपमध्ये पेटीवरून पुन्हा ऑर्डर मागितली. ऑर्डर हातातच आहे, तरी एलोक्वंट ती पुन्हा आणतं. लारावेल 11 मध्ये यासाठी रिलेशनवर ‘शॅपरोन’ आलं. जँगो उलट्या फॉरेन कीच्या प्रीफेचमध्ये हे स्वतःहून जोडून ठेवतं.

एक भीती मात्र काढून टाका. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाल्यापासून बागायतदाराची जीआय नोंदणी दाखवायची मागणी असते, पण सगळ्यांकडे ती नसते. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी लूपमध्ये पुन्हा क्वेरी होईल का? नाही. ‘विथ’ने शोधून सापडलं नाही तर तिथे ‘नल’ भरून ठेवलं जातं आणि पुन्हा विचारणा होत नाही.

आता ओझं. मेमरीच्या एररचं मूळ ‘हंगामातल्या एकूण पेट्या’ या आकड्यात आहे, मी पैजेवर सांगतो. तुम्ही ‘बागायतदार.ऑर्डर्स.पेट्या’ असं ‘विथ’मध्ये घातलंत आणि ब्लेडमध्ये मोजलंत. क्वेऱ्या फक्त दोन वाढल्या, म्हणून डीबगबार (पानावर क्वेऱ्या मोजून दाखवणारी पट्टी) बघून सगळं छान वाटतं. पण पानावर तीस वेगवेगळे बागायतदार असतील, एकेकाच्या हंगामात 800 ऑर्डरी आणि दर ऑर्डरीत 4 पेट्या धरल्या, तर 24,000 ऑर्डरी आणि 96,000 पेट्या पीएचपीत आल्या. म्हणजे 1,20,000 मॉडेल. एलोक्वंटचं एकेक मॉडेल गुणधर्मांखेरीज स्वतःचाही बराच पसारा बाळगतं, त्यामुळे किलोबाइटच्या वरच जागा खातं. पीएचपीची मेमरी मर्यादा मुळात 128 एमबी असते. मर्यादा वाढवणं हा यावरचा उपाय नाही, कारण मे महिन्यात आकडे आणखी वाढतील. एवढं सगळं आणून दाखवायचे तीस आकडे!

जे मोजायचं ते डेटाबेसला मोजू द्या. ऑर्डरींवर ‘विथकाउंट’ लावून पेट्या, आणि डझन हवे असतील तर ‘विथसम’. बागायतदाराच्या बाजूला ‘हॅजमेनीथ्रू’ने ऑर्डरींमधून पेट्यांचं रिलेशन बनवा आणि ‘विथ’मधल्या बागायतदाराच्या क्लोजरमध्ये त्यावर ‘विथकाउंट’ लावा, हंगामाच्या तारखांची अट तिथेच. यातून मूळ क्वेरीच्या सिलेक्टमध्ये एक उपक्वेरी जाते. ती दर ओळीला चालते हे खरं, पण डेटाबेसच्या आत चालते, खेप वाढत नाही, आणि परत येतो तो एक आकडा. तीस-पन्नास ओळींसाठी हे उत्तम. वर्षअखेरच्या हिशोबात हजारो बागायतदार असतील तर मात्र ‘ग्रुप बाय’ करून एकदाच जोडणं बरं.

त्यातून पुढचा मोह असतो रकाने कमी करण्याचा, आणि तो योग्यही आहे: ‘विथ’मध्ये ‘बागायतदार:आयडी,नाव’ असं लिहून फक्त लागणारे रकाने आणता येतात. पण जोडणी पीएचपीत होते हे विसरू नका. बागायतदाराचा गाव_आयडी वगळलात तर पुढचं ‘गाव’ रिलेशन ‘नल’ येईल. पेट्यांतून ऑर्डर_आयडी वगळलात तर प्रत्येक ऑर्डरीच्या पेट्या रिकाम्या दिसतील. एरर काहीच नाही, फक्त पानावर शून्य, आणि सकाळी गोदामातून फोन. मॉडेलवरच्या ‘विथ’ प्रॉपर्टीत रिलेशन कायमचं नोंदवून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. यादीला लागलं म्हणून ते लॉगिनलाही येतं, रात्रीच्या क्रॉनलाही येतं.

शेवटची नोंद, म्हणजे ‘माल कुठे आहे’, हा याच ओझ्याचा दुसरा नमुना. पन्नास ऑर्डरींच्या सहाशे नोंदी आणून त्यातली पन्नासच वापरायची. लारावेलमध्ये ‘हॅजवन’वर ‘लेटेस्टऑफमेनी’ लावा. ते ऑर्डरीगणिक मोठ्यात मोठा आयडी शोधणारी उपक्वेरी जोडतं आणि ऑर्डरीमागे एकच ओळ आणतं. पण मोठा आयडी म्हणजे शेवटची घटना, हे तुमच्याकडे खरं आहे का ते बघा. गाडीवाल्याचा फोन कशेडी घाटात रेंजबाहेर गेला आणि ‘गाडी पुढे निघाली’ ही नोंद वाशीच्या ‘पोचली’नंतर सर्व्हरवर उतरली, तर पान चुकीचं बोलेल. तिथे ‘ऑफमेनी’ वापरून घटनेच्या वेळेवरून निवडा. शेवटची एक न लागता शेवटच्या तीन नोंदी हव्या असतील तर लारावेल 11 पासून ‘विथ’च्या क्लोजरमधलं ‘लिमिट’ प्रत्येक ऑर्डरीपुरतं लागू होतं. त्याआधी ते सगळ्यांना मिळून लागायचं आणि लोक चक्रावायचे. आतून हे रो_नंबरच्या विंडो फंक्शनवर चालतं, आणि मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शनं 8.0 पासूनच आहेत; त्याआधीच्या आवृत्तीवर लारावेल वेगळी वाट काढतं.

खरं तर या रकान्यासाठी मी रिलेशनच वापरणार नाही. ‘सध्याची_स्थिती’ हा रकाना सरळ ऑर्डर्स टेबलात ठेवा आणि नोंद होताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदला. आज ना उद्या गोदामातला माणूस ‘वाशीला न पोचलेल्या तेवढ्याच दाखवा’ म्हणणार. ती गाळणी नोंदींच्या टेबलावरून करणं म्हणजे ‘व्हेअरहॅज’ आणि त्याच्या उपक्वेऱ्या. रकाना असेल तर त्यावर इंडेक्स टाकला की झालं. एकच माहिती दोन जागी ठेवल्याचा धोका आहे, पण नोंदी लिहिणारी जागा एकच असेल तर तो सांभाळता येतो. ‘व्हेअरहॅज’वरून आठवलं: ‘पाच डझनी पेटी असलेल्या ऑर्डरी’ असं ‘व्हेअरहॅज’ने गाळलं आणि सोबत ‘विथ’ने पेट्या आणल्या, तर त्या ऑर्डरींच्या सगळ्याच पेट्या येतात, फक्त पाच डझनी नव्हे. दोन्हींना तीच अट हवी तर ‘विथव्हेअरहॅज’ आहे.

इंडेक्सबद्दल थोडंच. ‘व्हेअर ऑर्डर_आयडी इन (…)’ ही क्वेरी एकदाच होते, पण ऑर्डर_आयडीवर इंडेक्स नसेल तर ती एकदाच अख्खं पेट्यांचं टेबल चाळते. मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन की लावली की इंडेक्स स्वतः बनवतं. पण मायग्रेशनमध्ये नुसता अनसाइन्ड बिगइंटिजर रकाना टाकून कन्स्ट्रेंट राहून गेला असेल तर इंडेक्सही नाही. उद्या पोस्टग्रेसला गेलात तर तिथे कन्स्ट्रेंट असूनही इंडेक्स आपोआप होत नाही, हाताने टाकावा लागतो. जँगो आपल्या फॉरेन कीवर इंडेक्स टाकतंच, रेल्स 5 पासून ‘रेफरन्सेस’ही टाकतं. लांबलचक ‘इन’ यादीला डेटाबेसागणिक मर्यादाही असतात: एसक्यूएल सर्व्हरला एका क्वेरीत 2,100 पॅरामीटर, ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांना एका यादीत 1,000 मूल्यं, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलला 65,535. लारावेल पूर्णांक आयडी थेट क्वेरीत लिहितं म्हणून तुम्हाला हे सहसा भेटणार नाही. आयडी म्हणून यूयूआयडी (अक्षरं-आकड्यांचा लांब आयडी) वापरत असाल तर भेटेल.

हे सगळं पुन्हा वाढू नये म्हणून काय? स्लो क्वेरी लॉगवर विसंबू नका. मायएसक्यूएलमध्ये त्याची मर्यादा मुळात 10 सेकंदांची असते, आणि ती शतांश सेकंदावर आणलीत तरी तुमच्या दोनशे क्वेऱ्यांतली एकही त्यात सापडणार नाही, कारण एकेक क्वेरी वेगवानच आहे. मायएसक्यूएलच्या परफॉर्मन्स स्कीमातल्या डायजेस्टच्या सारांशात, किंवा पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये, सरासरी वेळ नगण्य पण क्वेरी झाल्याची संख्या अफाट अशी ओळ शोधा. ती ओळ म्हणजे लूपमधली क्वेरी.

कोडच्या बाजूला, अ‍ॅप सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये ‘प्रिव्हेंटलेझीलोडिंग’ चालू करा. रिलेशन आधी न आणता ऐन वेळी, मागितल्यावर आणणं म्हणजे लेझी लोडिंग; ते यातून अडवलं जातं. लारावेल 8 मध्ये 2021 साली हे आलं, रेल्समध्ये 2020 च्या 6.1 मधलं ‘स्ट्रिक्ट_लोडिंग’ त्याच जातीचं. डेव्हलपमेंटमध्ये एरर फेकू द्या, प्रॉडक्शनमध्ये फक्त लॉगला नोंद करणारा हँडलर लावा, ऐन हंगामात पान पाडू नका. दोन गोष्टी त्यातून निसटतात. एक, कंस लावून केलेली क्वेरी, कारण ती लेझी लोडिंग नाहीच. दोन, एकटंच आणलेलं मॉडेल, आणि ते बरोबरच आहे: एका ऑर्डरीच्या तपशिलाच्या पानावर चार रिलेशन गरजेप्रमाणे आली तर काही बिघडत नाही. मात्र यामुळे टेस्टमध्ये एकच ऑर्डर तयार केलीत तर काहीच पकडलं जात नाही. किमान तीन तयार करा, आणि ‘एक्स्पेक्ट्सडेटाबेसक्वेरीकाउंट’ने क्वेऱ्यांची संख्या बांधून टाका. जँगोत ‘असर्टनमक्वेरीज’. लारावेल 12 मध्ये रिलेशन आपोआप एकत्र आणण्याची सोयही आली आहे. जुन्या, कुणी हात न लावलेल्या अ‍ॅपला ती वरदान आहे. तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही, कारण ती खेपा वाचवते आणि ओझ्याबद्दल काहीच बोलत नाही.

आणि सगळीकडे हाच नियम लावत बसू नका. गावांचं टेबल दीडशे-दोनशे ओळींचं असेल तर ते एकदा आणून आयडीप्रमाणे ‘कीबाय’ करून ठेवलंत तरी चालतं. एसक्यूलाइटवर चालणारं गोदामातलं छोटं अ‍ॅप असेल तर डेटाबेस त्याच प्रोसेसमध्ये असतो, खेप नावाची गोष्टच नाही, तिथे बारीक बारीक शंभर क्वेऱ्या खपून जातात.

तुमच्या पानासाठी आता हिशोब असा लागेल: मोजणीची एक क्वेरी, पेट्यांच्या काउंटसकट ऑर्डरींची एक, हंगामाच्या काउंटसकट बागायतदारांची एक, गावांची एक. स्थिती ऑर्डरीतच. चार क्वेऱ्या, आणि पन्नास ऑर्डरींना फार तर दीडशेच्या आसपास ओळी.

तुम्ही जाता जाता संध्याकाळी वाशीच्या ट्रकसाठी निघणाऱ्या यादीचं लिहिलं आहे, की ‘कर्सर’ लावूनही ती रेंगाळते. तिथे ‘विथ’ला काही अर्थच उरत नाही. ‘कर्सर’ एका वेळी एकच मॉडेल हातात धरतो, त्यामुळे त्याला रिलेशन एकत्र आणता येत नाहीत आणि प्रत्येक ऑर्डरीला पुन्हा वेगळ्या क्वेऱ्या होतात. ‘लेझी’ वापरा. ते हजाराच्या तुकड्यांत आणतं आणि दर तुकड्याला ‘विथ’ चालतं. पण यादी छापताछापताच तुम्ही ऑर्डरींची स्थिती ‘निघाली’ करताय आणि गाळणीही त्याच स्थितीवर आहे. पहिल्या हजारांची स्थिती बदलली की त्या गाळणीतून बाहेर पडतात, पुढचा तुकडा मात्र ऑफसेट हजारापासून मोजतो, आणि मधल्या हजार ऑर्डरी यादीत येतच नाहीत. त्या पेट्या गोदामातच राहतील. म्हणून तिथे ‘लेझीबायआयडी’च हवं: ते मागच्या तुकड्यातल्या शेवटच्या आयडीपासून पुढे जातं, ऑफसेटवर नाही.